दोन मिनिटांची दांडगाई

नोव्हेंबर संपता संपता येणाऱ्या एका रविवारी, बाहेर धड उजाडलेलेही नसताना, आमच्या घरातला टीव्ही सुरू होतो. अमेरिकेत तेव्हा शनिवारची रात्र असते. दोन रिंगणे एकमेकांना खेटून मांडलेली असतात आणि सभागृहाच्या छतातून एक अवाढव्य लोखंडी पिंजरा सावकाश त्यांच्यावर उतरत असतो. ‘डब्ल्यूडब्ल्यूई’च्या ‘सर्व्हायव्हर सिरीज’ या वार्षिक कार्यक्रमातली ‘वॉरगेम्स’ नावाची सांघिक लढत पाहण्यासाठी मी गजर लावून उठतो, हे चाळिशी ओलांडलेल्या माणसाने चारचौघांत सांगावे असे नाही. आईचे माहेर कोल्हापूरचे. खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या गोष्टी ऐकत ती वाढली, त्यामुळे निकाल आधी ठरवून खेळलेल्या लढतीला काय म्हणतात हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. “नुरा कुस्ती बघायला गजर लावणारा तू एकटाच असशील,” असे म्हणून ती चहाचे आधण ठेवते.

नुरा आहे, हे मलाही मान्य आहे. तरीही हा खेळ मला धरून ठेवतो, तो त्यातल्या मारामारीमुळे नव्हे, तर त्यातल्या घड्याळामुळे.

ही कल्पना डस्टी ऱ्होड्स या कुस्तीगिराची. स्वतःला ‘प्लंबरचा पोरगा’ म्हणवून घेणाऱ्या या ढेरपोट्या माणसाला अमेरिकेच्या दक्षिणेकडचा कष्टकरी प्रेक्षक आपला मानत असे आणि पडद्यामागे लढतींची आखणी करण्यातही त्याचे डोके विलक्षण चालत असे. ४ जुलै १९८७ रोजी अटलांटामधल्या ‘ओम्नी’ या सभागृहात त्याने पहिली वॉरगेम्स लढत घडवली. एका बाजूला रिक फ्लेअर, आर्न अँडरसन, टली ब्लँचर्ड आणि लेक्स लूगर हे ‘फोर हॉर्समेन’ व त्यांचा व्यवस्थापक जे. जे. डिलन, दुसऱ्या बाजूला खुद्द डस्टी, निकिता कोलॉफ, ‘रोड वॉरियर्स’ची जोडी आणि तिचा व्यवस्थापक पॉल एलरिंग. दहा माणसे, दोन रिंगणे आणि वर छत असलेला एकच पिंजरा.

मात्र दहाही जण एकदम आत जात नाहीत, आणि सगळी गंमत या एका अटीत आहे. मूळ नियमांत प्रथम दोघेच आत जातात आणि पाच मिनिटे लढतात. मग नाणेफेक होते आणि ती जिंकणाऱ्या संघाचा दुसरा माणूस आत जातो, म्हणजे एकावर दोन. ही दांडगाई दोन मिनिटे चालते. त्यानंतर समोरच्या संघाचा माणूस आत शिरतो आणि बरोबरी होते. दोन मिनिटांनी पुन्हा पहिल्या संघाचा, म्हणजे दोनांवर तीन. असे करत करत दहावा माणूस आत येईपर्यंत लढतीला खरा आरंभ झाला असे धरतच नाहीत. निकाल त्यानंतरच लागू शकतो.

ही नाणेफेक जिंकायचे कोण? जवळजवळ प्रत्येक वेळी खलनायकांचा संघ. संभाव्यतेचा कोणताही नियम येथे लागू पडत नाही. अर्थात तसे होणे भागच आहे, कारण सज्जनांच्या बाजूने एक माणूस जास्त झाला, तर प्रेक्षकाने हळहळायचे कुणासाठी? एकदा बसल्या बसल्या मी कागदावर हिशेब मांडला होता. मूळ नियमांनुसार सगळे आत येईपर्यंत एकोणीस मिनिटे जातात. त्यांपैकी अकरा मिनिटे दोन्ही बाजू समसमान असतात आणि उरलेली आठ मिनिटे खलनायकांचा एक माणूस जास्त असतो. नायकांचा एक माणूस जास्त आहे, असे मिनिट त्या एकोणिसांत एकही नाही. त्यांची कुमक येते आणि सभागृह आनंदाने दणाणून उठते, तेव्हाही प्रत्यक्षात झालेली असते ती फक्त बरोबरी. बरोबरीवर इतका जल्लोष करणारा प्रेक्षक मला दुसऱ्या कोणत्याही खेळात आढळलेला नाही. दाराशी ताटकळलेला साथीदार गज धरून आत पाहत असतो, सेकंद उलटे मोजले जाऊ लागतात, शेवटचे दहा आकडे हजारो लोक एका सुरात म्हणतात, आणि या कंटाळवाण्या वाटणाऱ्या मोजणीतच माझ्या हातातला चहा निवून जातो.

दुसरा नियमही तितकाच विचारपूर्वक केलेला होता. मातीतल्या कुस्तीत पाठ टेकली की खेळ संपतो. अस्मान पाहिलेल्या मल्लाने तोंडाने काही कबूल करावे अशी कुणाची अपेक्षा नसते. मूळ वॉरगेम्समध्ये मात्र पाठ टेकून सुटका नव्हती. कुणीतरी शरण गेले पाहिजे, आणि एक जण शरण गेला की संपूर्ण संघ हरला. साहजिकच सगळे मिळून समोरच्यांतला दुबळा दुवा शोधू लागतात. अटलांटात तो दुवा म्हणजे सुटाबुटात वावरणारा डिलन. शेवटी शरण गेला तोच, आणि रोड वॉरियर्सच्या एका डावात त्याचा खांदाही खरोखरच निखळला. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मायामीत झालेल्या दुसऱ्या लढतीत त्याच्या जागी एक मुखवटाधारी मल्ल उतरवावा लागला. निकाल ठरवता येतो. खांद्याने कसे वागावे हे ठरवता येत नाही. १९९१ साली तर पिंजऱ्याचे छतच नडले. सिड व्हिशसने ब्रायन पिलमनला डोक्यावर उचलले, छत ठेंगणे असल्याने पिलमनचे पाय वर आदळले आणि तो वेडावाकडा मानेवर कोसळला. अखेर एल गिगांते या अतिउंच मल्लाने त्याच्या वतीने हार पत्करली. त्या लढतीचे जुने चित्रीकरण मी एकदा पाहिले, पुन्हा पाहण्याची इच्छा झाली नाही.

ज्या ‘सर्व्हायव्हर सिरीज’मध्ये आज हा पिंजरा उतरतो, तिचा जन्मही १९८७ चाच, पण डस्टीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या घरी. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या रात्री डस्टीच्या कंपनीचा सर्वांत मोठा कार्यक्रम होता आणि त्याला शह देण्यासाठीच ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ने, म्हणजे आजच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ने, ही मालिका सुरू केली. पुढे २००१ मध्ये या प्रतिस्पर्ध्याने डस्टीच्या कंपनीची वारसदार ‘डब्ल्यूसीडब्ल्यू’ विकत घेतली आणि तिच्या सामानसुमानात वॉरगेम्स हे नावही गेले. २०१७ मध्ये, डस्टीच्या निधनानंतर दोन वर्षांनी, छत काढून टाकलेल्या पिंजऱ्यासह ह्यूस्टनमध्ये ही लढत परतली. शरणागतीखेरीज पाठ टेकूनही निकाल लागू लागला, हा बदल मला आजही रुचलेला नाही. ‘एईडब्ल्यू’ या नव्या कंपनीला नाव वापरता येईना, म्हणून तिने हाच प्रकार ‘ब्लड अँड गट्स’ या नावाने सुरू केला. त्यांच्या २०२१ च्या पहिल्या लढतीत पिंजऱ्याच्या माथ्यावर उभ्या असलेल्या क्रिस जेरिकोला खाली ढकलण्याची धमकी विरुद्ध संघातल्या एमजेएफ या मल्लाने दिली, त्याला वाचवण्यासाठी जेरिकोचा साथीदार सॅमी गवेरा याने शरणागती पत्करली, आणि एमजेएफने जेरिकोला तरीही ढकलून दिले. शरणागतीचा नियम जिवंत ठेवला की असा प्रसंग रचता येतो. २०२३ मध्ये डस्टीचा मुलगा कोडी ऱ्होड्स वडिलांच्या या पिंजऱ्यात उतरला आणि निर्णायक डाव त्यानेच जिंकला, तेव्हा मात्र पाठ टेकवून मिळालेल्या विजयाबद्दल मी कुरकुर केली नाही.

आईने अथपासून इतिपर्यंत पाहिलेली लढत एकच, २०२२ ची, बोस्टनमधली. रोमन रेन्सच्या ‘ब्लडलाइन’ टोळीत सॅमी झेन हा परका माणूस होता. तो विश्वासू आहे की नाही याबद्दल टोळीतलाच जे उसो महिनोन्‌महिने साशंक होता आणि विरुद्ध संघात सॅमीचा जुना मित्र केविन ओवेन्स उभा होता. मी जमेल तशी नातीगोती समजावून सांगितली, आणि नाणेफेकीचा सिद्धांतही. शेवटी सॅमीने स्वतःच्या मित्रालाच गैरवार करून लोळवले, जे उसोने त्याची पाठ टेकवली आणि इतके दिवस संशय घेणाऱ्या जेने सॅमीला मिठी मारली. आई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

“पण नाणेफेक कोणी जिंकली होती?” तिने विचारले.

आता नाणेफेक होत नाही, असे मी म्हणालो. आदल्या दिवशी एक लढत घेऊन तो हक्क ठरवतात, आणि या खेपेला तो चक्क चांगल्या लोकांना मिळाला होता. दर वेळी एक माणूस जास्त होता तो त्यांचाच.

“मग तिथंच घोटाळा झाला त्यांचा,” असे म्हणून ती माझा निवलेला चहा पुन्हा गरम करायला घेऊन गेली.