चहाच्या बरणीतला कापूस

आमच्या स्वयंपाकघरात, माठाच्या तिवईशेजारी, गेल्या दिवाळीपासून काचेची एक बरणी मुक्कामाला आहे. तिच्या तोंडावर जुन्या धोतराचे फडके बांधलेले असते, आत तपकिरी चहा असतो आणि त्यावर भाकरीएवढी, फिकट, बुळबुळीत चकती तरंगत असते. पुण्याहून आलेल्या भाच्याने या आंबवलेल्या चहाच्या पेयाचे नाव कोंबुचा सांगितले, तेव्हा शेजारच्या काकूंनी वाकून पाहिले आणि विचारले, "काहून जी, दुधावरची साय चहात कशी काय पडली?"

कृती विरजणाच्याच वळणाची आहे. लिटरभर पाण्यात दोन चमचे चहापत्ती उकळून त्यात सुमारे 70 ग्रॅम साखर विरघळवायची आणि चहा पुरता निवला, की गाळून आधीच्या खेपेचा वाटीभर आंबट चहा व चकती त्यात सोडायची. हा आंबट चहा कंजूषपणा करून कमी घातला, तर बुरशीला आयते रान मिळते. कोरडी, केसाळ, हिरवट बुरशी दिसली, की सगळी बरणी चकतीसकट फेकावी लागते. मी एकदा हळहळत फेकली आहे.

पुढचे काम यीस्ट आणि जिवाणू वाटून घेतात. यीस्ट साखर फोडून तिचा अल्कोहोल करते, जिवाणू त्या अल्कोहोलचे आम्ल करतात आणि हे होताना वरच्या बाजूला, हवेला लागून, ते सेल्युलोजचे धागे विणत राहतात. चकती म्हणजे तेच विणकाम. आमचे गाव हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेणारे, त्यामुळे बोंडातल्या धाग्यातही हेच सेल्युलोज असते हे वाचल्यावर मी बरणीपुढे बराच वेळ बसून राहिलो. पऱ्हाटीला ज्यासाठी पेरणीपासून वेचणीपर्यंत थांबावे लागते, ते डोळ्यांना न दिसणारे जीव चहा-साखरेवर आठवडाभरात करून ठेवतात. बोंडअळीची धास्ती नाही, की भावाची चिंता नाही.

अल्कोहोल थोडा उरतोच. वर्धा जिल्हा दारूबंदीचा असल्यामुळे काकूंना ही गोष्ट मी जरा हळू आवाजात सांगितली. आरोग्याच्या नावाने या पेयाबद्दल जे काही बोलले जाते, त्यावर माझा फारसा भरवसा नाही. मी ते चवीसाठी पितो.

खरी परीक्षा वैशाखात झाली. या जीवांना साधारण 24 ते 29 अंश मानवतात आणि आमच्या घरात कूलर लावूनही पारा त्याच्या बराच वर असतो. हिवाळ्यात दोन आठवडे रेंगाळणारी बरणी मे महिन्यात चौथ्याच दिवशी इतकी आंबट झाली, की घोट घेताच डोळे मिटले. तेव्हापासून ती पाण्याच्या परातीत असते आणि तिच्याभोवती ओले फडके गुंडाळलेले असते; माठाची युक्ती तिलाही लागू पडली.

दर खेपेला वर नवा थर येतो आणि जुन्याचे काय करावे हा प्रश्न पडतो. एक थर मी धुऊन अंगणात पाटीवर वाळत घातला. चार दिवसांनी तो पातळ, तपकिरी, चामड्यासारखा झाला. काकूंनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला. तो फाटला नाही. मग लुगडे घेताना दुकानात पाहतात तसा, दोन बोटांत धरून, त्यांनी त्याचा पोत चोळून पाहिला आणि विचारले, "मीटरनं भेटते का?"