बेळगावहून कोल्हापूरचा नवा राजवाडा: दरबार हॉलसाठी वेळ राखून ठेवा

बेळगावहून कोल्हापूर ११० किलोमीटरच्या आसपास, निपाणीहून चाळीसेक. गाडीनं गेलात तर हत्तरगी आणि कोगनोळी हे टोलनाके लागतात. बसनं जाणाऱ्या बायकांनी आधार कार्ड जवळ ठेवावं. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या बसनं निपाणीपर्यंत फुकट जाता येतं. सीमाप्रश्न तापला की दोन्हीकडच्या बसेस हद्दीवरच अडकतात, तेव्हा १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या आसपासचे दिवस नकोतच. पावसाळ्यात निघण्याआधी निपाणीजवळच्या यमगर्णीची खबर घ्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात वेदगंगेचं पाणी तिथं हायवेवर आलं होतं.

रिक्षावाल्याला ‘नवा राजवाडा’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘राजवाडा’ म्हटलंत तर अंबाबाईच्या देवळाजवळ, जुन्या राजवाड्यापाशी उतराल.

संग्रहालयाचं तिकीट काढण्याआधी इमारत बाहेरून नीट बघा. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, बांधकाम १८७७ ते १८८४. काळ्या घडीव दगडाची अष्टकोनी वास्तू, मधोमध घड्याळाचा मनोरा. कोरीवकामात गुजरात-राजस्थानकडची जैन-हिंदू धाटणी. हे आधी बघायचं कारण असं, की आत शिरल्यावर काचेची कपाटं नजर खेचून घेतात आणि मूळ रचना लक्षातच येत नाही. संग्रहालय फक्त तळमजल्यावर आहे. वर छत्रपती घराण्याचं निवासस्थान. आत फोटो काढायला बंदी आहे. मोबाईल पिशवीतच ठेवा, उगाच हुज्जत नको.

शस्त्रं आणि पोशाख झरझर बघितले तरी चालतात. पोरं शिकारीच्या दालनात पेंढा भरलेल्या वाघांपुढून हलत नाहीत, अर्धा वेळ तिथंच जातो आणि खरा ऐवज घाईत उरकतो.

तो ऐवज म्हणजे दरबार हॉल. दोन मजले उंच, दोन्ही बाजूंना नक्षीदार महिरपी, त्यांत शिवचरित्रातले प्रसंग रंगवलेल्या काचा, टोकाला सिंहासन. मागून घोळका आला तर त्याला पुढं जाऊ द्या, मग निवांत उभे राहा. नजर आधी खांबांच्या तळाशी, तिथून कमानीच्या पाकळ्या, मग छत. काचांचे रंग बाहेरच्या उन्हावरच खुलतात. ढगाळ दिवशी चित्रं मंद दिसतात, म्हणून हिवाळ्यातली कोरडी सकाळ उत्तम.

वेळ उरला तर सीपीआर हॉस्पिटलसमोरचा टाऊन हॉल गाठा. तोही मँट यांचाच, १८७२ ते ७६ चा, पण पूर्ण गॉथिक थाटाचा. आतल्या सरकारी संग्रहालयात कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत. सोमवार मात्र टाळा.