टीएनडी आला, ६४ आला, पंधराशे आला... मग काय?

एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर दर थोड्या दिवसांनी कोणीतरी व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्याच्या, रिपोर्टचा फोटो टाकतं (नाव खोडून टाकत जा रे आधी, कितीदा सांगायचं) आणि खाली ठरलेला प्रश्न असतो, "मागच्या वेळी टीएनडी (टार्गेट नॉट डिटेक्टेड) होता, यंदा ६४ आलाय, वाढला ना?" मग चार जण हात जोडलेले इमोजी टाकतात, एक जण काढा सुचवतो आणि ज्याचा रिपोर्ट असतो त्याची रात्रीची झोप जाते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी नुसती लिंक देईन.

तर टेस्ट कशी होते ते बघा. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतात, ती मशिनवर फिरवून वरचं पिवळसर प्लाझ्मा वेगळं काढतात आणि त्यातल्या व्हायरसचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, शोधतात. पद्धत आरटी-पीसीआर, म्हणजे कोरोनात सगळ्या देशाने नाकात काडी घालून केली तीच, फक्त इथे आहे की नाही एवढंच न बघता किती आहे तेही मोजतात. आरएनएचा डीएनए बनवायचा आणि मग त्याच्या कॉप्या दुप्पट दुप्पट करत न्यायच्या, जितक्या लवकर सिग्नल येईल तितका व्हायरस जास्त. आता दुप्पट-दुप्पटीच्या हिशोबात बारीकसारीक फरकाला काही अर्थ नसतो हे लक्षात घ्या. साधारण तिप्पट तरी फरक पडला तर डॉक्टर त्याला खरा फरक मानतात, त्यामुळे ३०० चे ४५० झाले म्हणून रडत बसू नका. बऱ्याच मशिनना २० किंवा ४० कॉपीच्या खाली आकडा सांगताच येत नाही, त्यामुळे "२० पेक्षा कमी" म्हणजे थोडं काहीतरी दिसलं पण मोजण्याइतकं नाही, आणि टीएनडी म्हणजे त्या सॅम्पलमध्ये काहीच सापडलं नाही. मध्येच एकदा ६४ किंवा १५० येऊन पुढच्या वेळी परत टीएनडी, हे गोळ्या नीट घेणाऱ्यांनाही होतं, त्याला ब्लिप म्हणतात.

आणि टीएनडी म्हणजे निगेटिव्ह नाही हो! व्हायरस काही पेशींमध्ये झोपून असतो, तिथे गोळ्यांचं काही चालत नाही. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांचा लोड काही आठवड्यांत परत वर येतो. एकाने टीएनडी आल्याच्या आनंदात प्रायव्हेट लॅबमध्ये जाऊन साधी एचआयव्ही टेस्ट करून घेतली आणि ती पॉझिटिव्ह आली म्हणून पार खचला. अरे, ती टेस्ट मुख्यतः अँटीबॉडी बघते, व्हायरस किती आहे ते नाही, ती पॉझिटिव्हच येणार.

खरी लाइन आहे १००० ची. त्याच्या वर गेला तर आपल्याकडे लगेच औषध बदलत नाहीत, आधी काउन्सिलर बसवून विचारतात, तीन महिने गोळ्या व्यवस्थित घ्यायला लावतात आणि परत टेस्ट करतात. तेव्हाही १००० च्या वर असेल तर मग सेकंड लाइनचा, म्हणजे पहिली औषधं बदलून दुसरी द्यायचा, विचार. इथे आपली माणसं खोटं बोलतात आणि फसतात. लग्नाला गेलो होतो, डबी घरी राहिली, सासू समोर होती म्हणून गोळी घेता आली नाही, जे असेल ते सांगून टाका, कारण लोड वाढायचं सगळ्यात मोठं कारण गोळ्या चुकणं हेच असतं. आणि रोज घेऊनही वाढला असेल तर अॅसिडिटीचं औषध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या सोबत घेता का ते सांगा. टीएलडी या आपल्या एचआयव्हीच्या गोळीतलं डोलुटेग्राविर हे औषध त्यांच्यासोबत नीट शोषलं जात नाही, विशेषतः अँटासिडसोबत, म्हणून टीएलडी अँटासिडच्या दोन तास आधी नाहीतर सहा तासांनंतर घ्यायची. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर डोलुटेग्राविरचा डोसच वाढवावा लागतो, ते तर लपवूच नका.

नवीन मंडळींना एक गोष्ट माहीतच नाही, ही टेस्ट पूर्वी सगळ्यांना रुटीनमध्ये मिळत नव्हती. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, २००४ ला सुरू झाली, पण रुटीन व्हायरल लोड आला २०१८ ला. मधली सगळी वर्षं आम्ही सीडी-४ (रोगाशी लढणाऱ्या पेशींचा आकडा) च्या चिठ्ठीवर काढली, औषध चालत नाहीये असा डॉक्टरांना संशय आला तरच लोडची टेस्ट. आता सीडी-४ म्हणजे झालेलं नुकसान, लोड आधी वाढतो आणि सीडी-४ कित्येक महिन्यांनी पडतो, तोपर्यंत व्हायरस अर्धवट औषधात वाढत वाढत त्याला दाद न देणारा होऊन बसतो. माझ्या ओळखीतल्या दोघांची पहिली लाइन अशीच हातातून गेली, सीडी-४ चांगला होता म्हणून सगळे निश्चिंत होते. म्हणून आता सुरुवातीला सहा महिन्यांनी, मग बारा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी फुकट होणारी टेस्ट कोणी "कशाला रक्त द्यायचं, मी तर ठणठणीत आहे" म्हणून टाळली की माझं डोकंच फिरतं.

जोडप्यांसाठी तर हा आकडा सोन्याचा आहे. एचपीटीएन ०५२ नावाचा मोठा अभ्यास झाला, त्यात आपलं पुणंही होतं. २०११ ला त्यातून दिसलं की लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. मग युरोपातल्या पार्टनर अभ्यासात (२०१६) लोड २०० च्या खाली असलेल्या जोडप्यांनी साधारण ५८ हजार वेळा कंडोमशिवाय संबंध ठेवले, जोडीदाराकडून लागण शून्य. २०१९ ला पुरुष-पुरुष जोडप्यांमध्ये साधारण ७७ हजार वेळा, तिथेही शून्य. अट एवढीच की गोळ्या रोज चालू पाहिजेत आणि लोड दबलेला टिकला पाहिजे, एका रिपोर्टवर उड्या मारू नका. बाकी गुप्तरोगांपासून हा आकडा वाचवत नाही, आणि आईच्या दुधातून जाण्याचा धोका कमी होतो पण शून्य म्हणता येत नाही, त्यामुळे बाळाला दूध पाजायचं की नाही ते एआरटी सेंटरवर विचारूनच ठरवा.

रिपोर्ट यायला कधी कधी वेळ लागतो, आणि "नॉर्मल आहे" एवढंच सांगून पाठवतात. आकडा विचारा, तारखेसकट वहीत लिहून ठेवा, सेंटर बदललं तर तीच वही उपयोगी पडते. आणि काही अडलंच तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, नाव सांगायची गरज नाही.