विस्कॉन्सिन: गावच्या फ्लाइंग क्लबाचा पाहुणचार

विस्कॉन्सिनला जातेय म्हटल्यावर सगळ्यांनी मला डोअर काउंटी, डेल्स, मॅडिसनचे तलाव अशी यादी दिली. पण मला जायचं होतं मॅडिसनच्या उत्तरेला तासाभरावरच्या एका गावात, कारण माझी कॉलेजातली मैत्रीण तिथे राहते आणि तिने विमान चालवायचं लायसन्स काढलंय, हौस म्हणून, नोकरीसाठी नाही. गावात एक फ्लाइंग क्लब आहे त्याची ती मेंबर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे मेंबर लोकांच्या तब्येती आणि पैशाची भांडणं येणारेत.

सप्टेंबर २०२५ चा शेवट होता. शनिवारी सकाळी क्लबाचा फ्लाय-इन ब्रेकफास्ट, म्हणजे आजूबाजूच्या गावांतून लोक आपापली विमानं घेऊन येणार, पॅनकेक आणि सॉसेज खाणार, डब्यात पैसे टाकणार आणि परत उडून जाणार. त्याच सकाळी गावातल्या मुलांना फुकट विमानात फिरवायचा कार्यक्रमही होता. आम्ही साडेसहाला पोचलो तर धावपट्टीच दिसेना! एवढं दाट धुकं की हँगरच्या, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडच्या, दारातून पन्नास पावलांवरचा पेट्रोलपंप अंदाजानेच ओळखायचा.

एअरपोर्ट म्हणजे काय तर मक्याच्या शेतांमधे एक डांबरी पट्टी, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी म्हणजे विंडसॉक, कार्ड घासून आपलं आपण इंधन भरायचा पंप, पत्र्याच्या हँगरची रांग आणि जुना सोफा टाकलेली एक खोली. टॉवर नाही, सिक्युरिटीची लाइन नाही, कोणी विचारत पण नाही तुम्ही कोण. रात्री धावपट्टीचे दिवे पायलटने वरूनच लावायचे, रेडिओचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबलं की फुल ब्राइट. मला हे इतकं आवडलं की मी मैत्रिणीला दोनदा विचारलं की खरं सांगतेयस ना.

हवामानाचं एक स्वयंचलित यंत्र आहे, फोन लावला की रेकॉर्डेड आवाजात आकडे सांगतं. तापमान ८, दवबिंदू ८. हे दोन आकडे एक झाले की धुकं बसलंच, आणि ऊन वर येऊन त्यांच्यात फरक पडेपर्यंत कोणी हलायचं नाही. यांचं सगळं उडणं डोळ्यांनी बघून, तीन मैलांपर्यंत दिसलं पाहिजे आणि ढगांपासून ठराविक अंतर राखलं पाहिजे. त्यामुळे विमानं आलीच नाहीत. पॅनकेकचं पीठ तयार, तवा तापलेला, आणि आले ते गावातले लोक, गाड्या घेऊन. ज्यांच्यासाठी हा घाट घातला ते दहा वाजता टपकले तेव्हा सॉसेज संपले होते.

पण त्या तीन तासांत मला क्लब कळला. उडताना कोणी बोलत नाही हो, इंजिनाचा आवाज असतो. धुक्यात मात्र कॉफीचे मग घेऊन सगळे हँगरमधे उभे आणि प्रत्येकाची एकेक तक्रार.

क्लबाकडे एकच विमान आहे, १९७८ चं सेस्ना १७२. हे मॉडेल पहिल्यांदा १९५५ मधे उडालं आणि आजवर ४४ हजारांच्या वर बनलीत, जगात दुसरं कुठलंच विमान एवढ्या संख्येने बनलेलं नाही. हे एक विमान पंधरा-वीस जणांच्या सामायिक मालकीचं. सुरुवातीला शेअर घ्यायचा, महिन्याची वर्गणी द्यायची आणि उडवलं तर तासाप्रमाणे पैसे, त्यात इंधन आलं. मेंबरांत शाळेची बस चालवणारा आहे, एक डेंटिस्ट बाई आहेत, कॉलेजात शिकणारं एक पोरगं आहे आणि बाकी बरेचसे साठीच्या पुढचे. हा मुद्दा मला वाटलं त्यापेक्षा गंभीर निघाला.

डेअरी विकून निवृत्त झालेले एक आजोबा होते. आयुष्यभर उडत आले, मग हृदयात स्टेंट बसला. आता पायलटला मेडिकल सर्टिफिकेट लागतं. २०१७ पासून बेसिकमेड नावाची सोपी वाट आहे, चार वर्षांतून एकदा साध्या डॉक्टरकडून तपासणी आणि दोन वर्षांतून एकदा ऑनलाइन कोर्स, पण स्टेंटवाल्यांना त्या वाटेवर जायच्या आधी एकदा एफएए या अमेरिकेच्या विमान खात्याकडून खास मंजुरी घ्यावी लागते. आणि गंमत अशी की अर्ज केला आणि नाकारला गेला तर ड्रायव्हिंग लायसन्सवर छोटी विमानं उडवायची सवलतही जाते. म्हणून आजोबांनी अर्जच केला नाही, जुनं सर्टिफिकेट आपोआप संपू दिलं. "डॉक्टरला कशाला विचारायचं, तो नाही म्हणाला तर?" हे तर्कशास्त्र मला आधी भयंकर वाटलं, पण तिथल्या निम्म्या लोकांनी माना डोलावल्या. माझं मत विचाराल तर हा नियमच माणसाला डॉक्टरपासून लांब पळायला शिकवतो.

त्या सवलतीत आतापर्यंत फक्त दोन सीटची, साधारण १३२० पौंडांच्या आतली विमानं बसायची, आणि क्लबाकडे तसं विमान नाही. पण जुलै २०२५ मधे विस्कॉन्सिनातल्याच ऑशकॉश शहरातल्या मोठ्या विमानमेळ्यात नवा नियम जाहीर झाला, त्याला मोझॅक म्हणतात. आता वजन नाही, फ्लॅप्स, म्हणजे पंखांमागच्या खाली वळणाऱ्या फळ्या, न लावता विमान किती कमी वेगापर्यंत हवेत टिकतं ते बघतात, ५९ नॉट (ताशी सागरी मैल) किंवा त्याखाली असेल तर चालेल. सेस्ना १७२ त्यात बसतं. चार सीट असल्या तरी पॅसेंजर एकच न्यायचा, पण उडता येतं! २२ ऑक्टोबरपासून लागू. आजोबांनी हँगरमधल्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती लाल गोल केला होता. फक्त खजिनदार हळूच म्हणाला की सरकार हो म्हणेल, इन्शुरन्सवाले हो म्हणतील का ते बघू, वय वाढलं की ते प्रीमियम वाढवतात नाहीतर नावच घेत नाहीत. मग जरा शांतता झाली आणि कोणीतरी इंधनाचा विषय काढला.

या विमानांचं पेट्रोल, १०० एलएल, अजून शिसंवालं आहे, हे मला माहीतच नव्हतं. एलएल म्हणजे लो लेड, पण एका गॅलनमधे दोन ग्रॅमपर्यंत शिसं असू शकतं. गाड्यांमधून कधीच गेलं, इथे राहिलं, कारण शिशाशिवाय जास्त ताकदीच्या इंजिनांमधे इंधन अवेळी भडकतं. २०२३ मधे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने अधिकृतपणे ठरवलं की हे शिसं लोकांच्या आरोग्याला धोका आहे. आता २०३० च्या अखेरीपर्यंत बिनशिशाचं आणायचं असं सरकार आणि उद्योगाने मिळून ठरवलंय. क्लबातलं कोणीच शिशाच्या बाजूने नव्हतं बरं का, त्यांची काळजी वेगळी: एकाच पंपावर एकच टाकी असते, नवं इंधन कुठलं येणार, जुन्या टाकीच्या रबराला आणि रंगाला चालेल का, आणि किंमत किती. मक्याच्या पट्ट्यात राहतात पण मक्याचं इथेनॉल मिसळलेलं गाडीचं पेट्रोल यात टाकता येत नाही, यावरून जोक चालू होते.

साडेनऊला ऊन आलं आणि धुकं अक्षरशः दहा-पंधरा मिनिटांत विरलं. आधी मुलांचा नंबर. ईएए ही हौशी विमानवाल्यांची संघटना, पॉल पोबरेझनी यांनी १९५३ मधे मिलवॉकीजवळ सुरू केली, आता मुख्यालय ऑशकॉशला. त्यांचा १९९२ पासूनचा यंग ईगल्स कार्यक्रम आहे, ८ ते १७ वयाच्या मुलांना एक फेरी फुकट, पायलट स्वतःच्या खर्चाने नेतो. आजवर वीस लाखांहून जास्त मुलं झाली. पायलटला आधी ट्रेनिंग आणि बॅकग्राउंड चेक लागतो. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी विमानापर्यंत गेली, दार उघडलं आणि नाही म्हणाली. कोणीही आग्रह केला नाही. पायलटने तिला बाहेरूनच पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी हाताने वरखाली करू दिली, आत कंट्रोल कसा फिरतो ते दाखवलं. अर्ध्या तासाने ती स्वतःहून रांगेत परत उभी.

आमचा नंबर दुपारी. आधी वजन. मला वाटलं विचारतील, पण हँगरमधे काटाच ठेवलाय आणि बॅगेसकट उभं राहायचं! चार सीटच्या या विमानात टाक्या भरल्या की माणसं आणि सामान मिळून सहाशे पौंडांच्या आसपासच जागा उरते, म्हणजे तीन दणकट माणसं. आम्ही तिघं: मैत्रीण, मी आणि मागे आजोबा. खर्चाचेही तीन भाग, कारण प्रायव्हेट पायलटला पॅसेंजरकडून त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त घेता येत नाही, इंधन, भाडं जे काय असेल त्यात त्याचा समान हिस्सा पडलाच पाहिजे. नफा केला तर लायसन्सवर गदा.

मग तपासणी. हातात कागदी यादी घेऊन मैत्रीण विमानाभोवती फिरत होती आणि इतकी वर्षं ओळखते मी तिला, घराची चावी पर्समधे कधी सापडत नाही, पण इथे एकेक बिजागरी, एकेक पिन बोटाने चाचपत होती. पंखाखालच्या बारीक व्हॉल्वला पारदर्शक कप लावून तिने थोडं इंधन काढलं, उन्हात धरलं. फिकट निळं. तळाशी साबुदाण्याएवढा एक थेंब वेगळाच गडगडत होता. "ते पाणी," ती म्हणाली. रात्रीच्या गारव्यात टाकीत दव धरलं असेल. तो कप बाजूच्या डब्यात ओतला, परत काढला, परत, एकदम स्वच्छ येईपर्यंत. मग दुसरा पंख, मग नाकाखाली.

धावपट्टीच्या टोकाशी उभं राहून तिने रेडिओवर गावाचं नाव घेऊन सांगितलं की आम्ही निघतोय, कोणत्या दिशेला. ऐकणारं कोणी असेल नसेल, सांगायचं. आणि निघालो.

वरून विस्कॉन्सिन म्हणजे चौकोन. पिवळं पडलेलं सोयाबीन, तपकिरी मका, मधेच लाल कोठार, मेपलची झाडं नुकती पेटायला लागलेली. ग्रीन लेक आलं, राज्यातलं सगळ्यात खोल नैसर्गिक तळं, २३० फुटांच्या वर, आणि मधोमध खरंच काळंनिळं दिसतं. पुढे रिपन, १८५४ मधे रिपब्लिकन पक्षाची सुरुवात जिथे झाली म्हणतात ते गाव, पण मागून आजोबांना त्यात काही रस नव्हता. त्यांनी माझ्या खांद्यावर टॅप केलं आणि खाली रेल्वेरूळ दाखवले.

जुलैच्या शेवटी ऑशकॉशला ईएएचा मोठा मेळा भरतो, एअरव्हेंचर, १९७० पासून तिथेच. त्या आठवड्यात या भागात दहा हजारांच्या वर विमानं येतात. आणि छोट्या विमानांनी यायचं कसं तर रिपनपासून हे रूळ पकडायचे, १८०० फुटांवर, ९० नॉट वेगाने, पुढच्यापासून अर्धा मैल मागे, एकामागे एक. फिस्क नावाच्या वस्तीपाशी कंट्रोलर दुर्बीण घेऊन जमिनीवर बसलेले असतात. ते तुमचा नंबर विचारत नाहीत, रंग बघून हाक मारतात, आणि तुम्ही रेडिओवर उत्तर द्यायचंच नाही, पंख हलवायचे. मग उतरतानाही धावपट्टीवर रंगीत ठिपके, तुला हिरवा, त्याला नारिंगी, एकाच पट्टीवर दोघंतिघं. आम्ही गेलो तेव्हा आकाशात आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं. तरी मैत्रिणीने वेग ९० वर आणला, उंची १८०० धरली, आणि फिस्कवर आजोबा हेडसेटमधे कंट्रोलरच्या आवाजात ओरडले, "पांढरं सेस्ना, पंख हलव!" तिने हलवले. माझ्या पोटात गोळा आला, ते दोघं हसत होते. पुढे ऑशकॉशच्या टॉवरची हद्द लागते म्हणून तिथूनच वळलो.

परतीच्या वाटेवर उतरायला इंजिन मंदावायच्या आधी तिने कार्बुरेटरला गरम हवा देणारं एक बटण ओढलं, कार्ब हीट. अशा ओलसर, ना थंड ना गरम हवेत कार्बुरेटरमधे बर्फ धरतं, बाहेर १५ डिग्री असली तरी, कारण इंधनाची वाफ होताना आतली हवा खूप थंड पडते. इंजिन जरा खोकल्यासारखं झालं, परत नीट. ती काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. उतरल्यावर विचारलं!

उतरल्यावर काम संपत नाही. पंखांच्या पुढच्या कडेवर चिकटलेले किडे ओल्या फडक्याने पुसायचे, वाळले की निघत नाहीत. विमान ढकलून आत, मीटरचा आकडा वहीत. ऑइल बदलणं, टायर, स्पार्क प्लग साफ करणं एवढं मालक-पायलटला स्वतः करता येतं, म्हणून शनिवारी दोन-तीन जण हात काळे करून बसतात. वर्षाची मोठी तपासणी मात्र खास अधिकार असलेल्या मेकॅनिककडूनच, आणि असा माणूस मिळणं अवघड झालंय. यांचा मेकॅनिक सत्तरीचा, तीन काउंटींत फिरतो, त्याची तारीख मिळाली की सगळ्यांनी आपापले बेत बदलायचे.

संध्याकाळी त्याच सोफ्याच्या खोलीत मीटिंग. मुद्दा एकच, तासाचा दर. इंजिन साधारण २००० तासांनी उघडून नवं करायचं असतं, त्याला तीस-चाळीस हजार डॉलर, आणि त्यासाठी दर तासामागे बाजूला टाकतात ते पैसे पुरणार नाहीत असं खजिनदाराचं म्हणणं. कॉलेजातलं पोरगं म्हणालं दर वाढवला तर मी उडूच शकणार नाही. डेंटिस्ट बाई म्हणाल्या मग वर्गणी वाढवा. कमी उडणारे चिडले. आवाज चढले, कोणीतरी उरलेले पॅनकेक गरम करून आणले, तरी भांडण थांबलं नाही. शेवटी दर थोडा, वर्गणी थोडी, आणि विद्यार्थ्याला वर्षभर जुनाच दर, त्या बदल्यात हँगर झाडायचं काम त्याच्याकडे. आजोबांनी त्याच्या बाजूने हात वर केला, खरं तर यंदा त्यांनी वर्गणी भरून एक तासही उडवलेलं नाही.

तिकडे जाणार असाल तर उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत विस्कॉन्सिनात अशा छोट्या एअरपोर्टवर शनिवार-रविवारी फ्लाय-इन ब्रेकफास्ट असतात, गाडीने आलेल्यांना कोणी हाकलत नाही. रोख पैसे न्या. विमानाला हात लावायच्या आधी विचारा, आणि थांबलेलं असलं तरी नाकावरच्या फिरत्या पंख्यापासून लांब राहा. वर न्यायचं कोणी कबूल केलं असेल तर पुढचा एक दिवस मोकळा ठेवा, हवा बिघडली की बेत रद्द आणि त्यावर कोणी वाद घालत नाही.