काका तिथं दिवसभर करतात तरी काय?

आमचं घर कॅथलिक. थोरले काका बेनेडिक्टाइन साधू आहेत, बेंगळुरूकडच्या एका मठात. परवा गल्लीतल्या वहिनींनी पुन्हा विचारलं, "शाळा नाही, दवाखाना नाही, मग दिवसभर करतात तरी काय ओ ते तिथं?" त्यांनी विचारलं म्हणून नीट सांगते.

मला स्वतःला ते आमच्या कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या तालमीमुळं कळलं. लहानपणी पहाटे अंथरुणात शड्डूचे आवाज ऐकू यायचे. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं, वस्तादांच्या शब्दाबाहेर न जाणारी. रोज तेच जोर, त्याच बैठका, हौद्यातली तीच लाल माती. ही पोरं काय करतात, असं कुणी विचारत नसे. मेहनत करतात, हे गावाला ठाऊक होतं. काकांचंही तेच आहे. संत बेनेडिक्टांनी सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कासिनोच्या डोंगरावर मठ उभारला आणि ७३ प्रकरणांचा नियम लिहिला. त्यात मठाला प्रभूच्या सेवेची शाळा म्हटलंय. मी तिथं 'तालीम' असंच वाचते.

दिवसा सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना. आठवड्यात बायबलातली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं. मधल्या वेळात हातांचं काम आणि वाचन, कारण आळस हा आत्म्याचा वैरी. स्वयंपाकाची पाळी आळीपाळीनं. कोठार सांभाळणाऱ्याला सांगितलंय की मठातली भांडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी मानावीत. काका कुदळ धुऊन, फडक्यानं पुसून भिंतीला टेकवताना बघितले, तेव्हा हे मला खरं उमगलं.

आत घ्यायची घाई नाही. आलेल्याला चार-पाच दिवस दाराशीच ताटकळत ठेवायचं. मग वर्षभरात तीनदा अख्खा नियम वाचून दाखवायचा. झेपत असेल तर राहा, नाहीतर मोकळ्या मनानं जा. त्यानंतर व्रतं: स्थैर्य, जीवनपालट, आज्ञापालन. यातलं स्थैर्य मला सगळ्यांत अवघड वाटतं. ज्या मठात आलो, त्याच बंधूंबरोबर म्हातारं व्हायचं. मन उडालं म्हणून दुसरीकडं बिऱ्हाड हलवायचं नाही.

आजीला हे कधीच पटलं नाही. पोरगा देवाला दिला ते ठीक, पण देव कोल्हापुरात नाही का, असं ती म्हणायची. तिचं दुःख खरं होतं. ते कशानं भरून निघालं, असं मी म्हणणार नाही.

काका आता ८३ वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत, कुदळ सुटली. म्हाताऱ्यांना नियमातही सवलत आहे, ठरल्या वेळेआधी जेवता येतं. आणि ६६व्या प्रकरणात त्यांच्यासाठी काम आहे: मठाच्या दाराशी एक शहाणा म्हातारा बसवावा, ज्याला आता भटकायची ओढ उरलेली नाही. कुणी दार वाजवलं की त्यानं लगेच 'देवाला धन्यवाद' म्हणावं.

गेल्या जूनमध्ये मिरजेहून रात्रीची गाडी धरून मी गेले. मठाची बेल दाबली. आतून काठीची टकटक आली आणि कोण आलंय हे कळायच्या आधीच, कन्नडमधून, देवाला धन्यवाद. दार उघडलं. मला बघितलं आणि भाषा बदलली.

"अगं, तू! पंचगंगेला पाणी किती हाय?"