60 पेन्सचा गड्डा

2022 च्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, आई चकल्या तळत होती आणि मी ओट्याला टेकून मोबाईलवर लेट्यूस बघत होते. खरंच लेट्यूस. ब्रिटनच्या डेली स्टार पेपरनं टेस्को सुपरमार्केटमधून 60 पेन्सला आणलेला आइसबर्गचा गड्डा, शेजारी पंतप्रधान लिझ ट्रसचा फोटो आणि समोर लाइव्ह कॅमेरा, प्रश्न एवढाच की आधी कोण जातंय. गड्ड्याला डोळे चिकटवलेले, वर विग. आईनं वाकून बघितलं, "कोबीला डोळे कशाला लावलेत गं?" आणि परत झारा फिरवायला लागली.

मूळ टोमणा इकॉनॉमिस्ट या ब्रिटिश साप्ताहिकाचा. बाई 6 सप्टेंबरला पंतप्रधान झाल्या, दोन दिवसांत राणी गेली, मग दुखवटा, मग 23 तारखेला ते मिनी-बजेट, कर्ज काढून टॅक्स कमी करायचा, त्यात पौंड आपटला. हे सगळं वजा केलं तर खरा कारभार उरतो आठवडाभराचा, म्हणजे लेट्यूस टिकतो तेवढाच. डेली स्टारनं त्या वाक्याची सरळ भाजीच आणून ठेवली. आणि चकल्यांच्या त्याच संध्याकाळी, आपल्याकडे सहा वाजले असतील, ट्रसबाईंनी राजीनामा जाहीर केला. लेट्यूसवर डिस्को लाइट सुरू. मी इतकी जोरात हसले की आई म्हणाली, तेल उडेल, लांब हो.

तेव्हापासून मला वाटतं की व्यंगात घरातली स्वस्त वस्तूच चालते. गार्डियन पेपरचा व्यंगचित्रकार स्टीव्ह बेल, त्यानं नव्वदच्या दशकात तेव्हाच्या पंतप्रधान जॉन मेजरला पँटच्या वरून चड्डी घातली, फसलेला सुपरमॅन, बास. (आपल्याकडे चड्डी म्हटलं की वेगळंच राजकारण सुरू होतं, ते राहू दे.) नंतरचे एक पंतप्रधान, गुळगुळीत डेव्हिड कॅमेरॉन, त्यांच्या डोक्यावर त्यानं कंडोम चढवला आणि वर्षानुवर्षं उतरवलाच नाही. एकदा मेजरचं ते चित्र बघितलं की टीव्हीवर तो माणूस सूटमध्ये आला तरी डोळ्यांना ती चड्डी दिसतेच, त्याला इलाज नाही.

याउलट बँक्सी, तो भिंतींवर चित्रं काढणारा ब्रिटिश कलाकार. 2009 मधलं त्याचं ते भलंमोठं पेंटिंग, ब्रिटिश संसदेच्या हाऊस ऑफ कॉमन्समधल्या बाकांवर सगळे चिंपांझी, ब्रेक्झिटच्या गोंधळात, ऑक्टोबर 2019 ला, लिलावात जवळजवळ 99 लाख पौंडांना गेलं. रंगवलंय झकास, पण मला नाही लागलं कुठेच. सगळेच माकड म्हटल्यावर कुठलाही खासदार शेजारच्याकडे बोट दाखवून खुशाल हसू शकतो ना! लेट्यूसला ती सोय नाही, तो एकाच बाईचा.

आणि तो सुटतही नाही. जुलै 2024 ला ट्रसबाई स्वतःची सीटही हरल्या, ऑगस्टमध्ये सफोकमधल्या बेकल्सला स्टेजवर बसून ट्रम्पला पाठिंबा का द्यावा ते सांगत होत्या, तेवढ्यात लेड बाय डाँकीज या राजकारण्यांची टर उडवणाऱ्या ग्रुपनं आधीच लपवून ठेवलेला बॅनर त्यांच्या मागे हळूहळू खाली आला. त्यावर तोच डोळेवाला लेट्यूस आणि 'मी अर्थव्यवस्था बुडवली' अशी ओळ. लोक हसायला लागले तरी बाईंना कळेना, त्या आपल्या बोलतायत. शेवटी मागे वळून बघितलं, यात हसण्यासारखं काही नाही म्हणाल्या आणि उठून निघून गेल्या.

व्हिडिओ आईला दाखवला. तिनं लगेच ओळखलं, "अगं, हा तर आपला दिवाळीतला कोबी!"