ओलं सरपण आणि छिलुक

उत्तराखंडात पावसापाण्यात ट्रेक करायचा असेल, तर आग पेटवायला रॉकेल किंवा प्लास्टिक शोधू नका. चिडाचं राळ मुरलेलं लाकूड गावातल्या बऱ्याच घरांत असतं. कुमाऊंत त्याला छिलुक म्हणतात, गढवालात छिल्ला. इगास या दिवाळीनंतरच्या सणाच्या रात्री गढवालात दोरीला बांधून गरगर फिरवतात ते पेटते भैलोही याच लाकडाचे.

चीड म्हणजे एकेका जुडग्यात तीन लांब सुया असलेला पाइन, साधारण ५०० ते २००० मीटरच्या पट्ट्यातला. झाडाला जखम झाली की तिथे लीसा, म्हणजे चिडाचा चिकट डिंक, झिरपतो. झाड मेल्यावर बाहेरचं फिकं लाकूड काही पावसाळ्यांत कुजून जातं. गाभा, फांद्यांच्या गाठी आणि जमिनीलगतचा बुंधा मात्र लीसा मुरल्यामुळे टिकतो. लीशातलं टर्पेंटाइन चटकन पेट घेतं, मागे राहिलेली राळ वितळत ज्योत धरून ठेवते. पाणीही आत शिरत नाही, म्हणून वरून भिजलेला तुकडा फडक्याने पुसला, एक थर तासला, की आत कोरडं लाकूड मिळतं.

चांगलं छिलुक मधासारखं किंवा लालसर तपकिरी दिसतं. त्याच आकाराच्या साध्या लाकडापेक्षा ते हाताला स्पष्ट जड लागतं, ताज्या कापाला टर्पेंटाइनचा वास येतो आणि पातळ ढलपी उजेडासमोर धरली तर उजेड आरपार दिसतो. शंका असेल तर ढलपी पेटवा: कडेला राळ खदखदली आणि काळा धूर निघाला, तर लाकूड पक्कं.

ते मेलेल्या खोडाचंच हवं, हे मी आग्रहाने सांगते. लीसा काढलेल्या जिवंत झाडाच्या खाचेतून छिलुक तोडणं सोपं असतं, पण त्याने बुंधा पोखरतो, झाड वादळात मोडतं, आणि वणवा आला की ती राळभरली जखमच आधी पेटते. जंगलात कोयता चालवण्यापेक्षा होमस्टेच्या घरधन्याकडून जुडी विकत घ्या.

एका चुलीला करंगळीएवढ्या जाड, वीतभर लांब तीन काड्या पुरतात. एका काडीच्या टोकाला चाकूने कागदासारख्या पातळ साली काढा, पण तोडू नका, कुरळ्या तशाच लटकू द्या. फेरो रॉडने, म्हणजे घासून ठिणग्या पाडायच्या कांडीने, पेटवायचं असेल तर चाकूची पाठ काटकोनात धरून लाकूड खरवडा. दहाच्या नाण्याएवढा, बोटभर उंच भुग्याचा ढीग करा आणि ठिणगी त्याच्या मध्यभागी पाडा. ठिणगी विझत असेल तर दोष बहुतेक वेळा भुग्याचा असतो. तो जाडसर राहिला की नुसता धुमसतो. पिठासारखा बारीक हवा.

खाली दोन जाड ओंडके समांतर ठेवा, त्यांच्यामध्ये छिलुक आणि वर काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या मोकळ्या आडव्या रचा. त्या धडधडल्यावर पेन्सिलीएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. एकदम जाड ओलं सरपण लादलं तर लाकडातलं पाणी वाफ होण्यात सगळी उष्णता खर्च होते आणि छिलुक संपेपर्यंत वरचं पेटतच नाही. जमीन ओली असेल तर खाली साल किंवा सपाट दगड घाला, पण नदीतला दगड नको, तापून फुटतो.

बुखारीत, म्हणजे खोली तापवायच्या धुराड्याच्या शेगडीत, पेटवताना आधी पाइपचा डँपर (आतली झडप) पूर्ण उघडा. थंड पाइपमधली जड हवा धूर खोलीत ढकलते, म्हणून एक पेटती काडी पाइपच्या तोंडाशी मिनिटभर धरा, ओढ सुरू झाली की खालचं पेटवा. दोन-तीन काड्यांपुढे जाऊ नका: छिलुकाची काजळी पाइपमध्ये जमते आणि नंतर तीच पेटू शकते. खिडकी थोडी उघडी ठेवा, तंबूत तर हे लाकूड अजिबात नको. काळा धूर ओसरेपर्यंत रोटीही आगीवर भाजू नये, कडू वास उतरतो.

जुडी ओंडक्याच्याच रूपात ठेवा, लागेल तेवढीच चिरा. चिरून ठेवलेल्या पातळ काड्यांतलं टर्पेंटाइन उडून जातं आणि त्या चटकन पेटत नाहीत. चाकूला चिकटलेली राळ मोहरीच्या तेलाने पुसली तर सुटते.

उघड्यावर पेटवायला परवानगी आहे का, हे आधी विचारा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा तिथला वणव्याचा हंगाम. तेव्हा तर चुलीबाहेर आग नकोच. इतर वेळीही पिरूल, म्हणजे सुकलेल्या सुयांचा थर, दोन मीटरच्या घेरात मातीपर्यंत साफ करा. शेवटी पाणी ओतून राख ढवळा आणि हात लावून गार झाली की नाही पाहा.

सह्याद्रीत चीड उगवत नाही. पुण्या-मुंबईच्या औद्योगिक भागांत बाहेरून आलेल्या मालाच्या पाइनच्या पेट्या मिळतात, त्यांच्या गाठींतल्या चिपा कामाला येतात. त्यावरचा शिक्का वाचा: एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं असतं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. एमबीचं लाकूड जाळू नका.